ज्याची त्याची मूस

“संग्राम, माझं मला परत दे,” शालन म्हणाली आणि त्याच्या ताटात दुसरी पोळी वाढली.

संग्राम हसला. “काय परत देऊ मावशी? पोळी?”

“ॲपात ठेवलेलं. सगळं. आज दे.”

मी कटाची आमटी भुरकत होतो. मला वाटलं, मावशी-भाच्याची चेष्टा चाललीय. गावच्या यात्रेचा पहिला दिवस. देवाला नैवेद्य दाखवून आम्ही तिघं नुकतेच सोप्यात जेवायला बसलो होतो. बाहेर पाळणेवाल्यांचा भोंगा वाजत होता.

“आजच काय काढलंस हे?” मी विचारलं.

“ऑपरेशन करायचं हाय.”

“कुणाचं?”

“माझं. पोटात गाठ हाय.”

मी घास ताटात ठेवला. “शालन, नैवेद्याच्या ताटावर असलं अभद्र बोलू नये. पैसे मागायचे तर सरळ माग. पोराला घाबरवतीस कशाला?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. जरा वेळ पाहिलं. मग ती हसली.

“बरं, ऑपरेशन न्हाई. काशीला जायचं हाय. आता झालं? माझंच परत मागायला कारण कशाला लागतंय?”

“मावशी, तू पण ना!” संग्रामनं सुस्कारा सोडला. “घासच अडकला माझा.”

“पाणी पी. पण मी मागितलंय, ते इसरू नको.”

त्या दुपारी पुढं जे झालं ते कळायला आमचा धंदा माहीत पाहिजे, म्हणून थोडं सांगतो. मी हणमंत देवकर. आम्ही गलाईवाले. सराफाकडं येणारं मोडीचं सोनं भट्टीत आटवून शुद्ध करून द्यायचं, हे आमचं काम. विटा-खानापूरकडं पाऊस कमी, म्हणून आमचे आजे-पणजे पोटासाठी बाहेर पडले, आणि आज देशातल्या कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ बाजारात मागच्या गल्लीत गेलात तर आमच्याकडचा एखादा माणूस भट्टीपुढं बसलेला दिसतो. माझं दुकान तमिळनाडूत, सेलमला. भागीदारीत.

या धंद्यात लिहिलेलं फार नसतं. सराफ येतो, माल पुढ्यात टाकतो. आमचा माणूस आहे, एवढ्यावर विश्वास. त्यामुळं काही गोष्टी आम्ही कधी मोडत नाही. आलेला माल गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर आटवायचा. एकाचा माल दुसऱ्याच्या मुशीत घालायचा नाही. मूस म्हणजे सोनं वितळवायची मातीची वाटी. आणि दुसऱ्याचा माल दुकानात वस्तीला ठेवायचा नाही. आटला की सोन्याची लगड हातात द्यायची आणि दिवा लावायच्या आत माणूस वाटेला लावायचा.

शालन दुकानात काट्यावर बसायची. तमिळ ती माझ्यापेक्षा चांगली बोलायची. भांडायची तर तमिळमध्येच. आम्हाला मूलबाळ नाही. संग्राम तिच्या थोरल्या बहिणीचा, मालनचा मुलगा. सेलमला आमच्याकडं राहूनच तो इंजिनिअर झाला. भट्टीच्या उबेला बसून अभ्यास करायचा आणि मुशी फुटल्या की शिव्या माझ्या खायचा.

पुढं तो बेंगळुरूला गेला. तिथं कार्तिक नावाच्या मित्राबरोबर त्यानं ‘कॉइनपेठ’ काढलं. कॉम्प्युटरवरची नाणी विकत घ्यायची, विकायची आणि ठेवायची जागा. मला समजलं ते असं: हे नाणं हातात येत नाही. त्याची एक गुप्त किल्ली असते, आणि किल्ली ज्याच्याकडं त्याचं नाणं. आपल्यासारख्याला ती किल्ली सांभाळणं जमत नाही, म्हणून किल्ली कंपनी सांभाळते आणि आपल्याला फोनवर आकडा दाखवते.

कोरोनात दुकानं बंद पडली. गलाईवाले गावाकडं येऊन बसले. हाताला काम नाही, हातात फोन. कुणीतरी म्हणालं, मालनच्या पोराचं ॲप आहे. झालं. नेल्लोरच्या माणसानं लुधियानाच्या मेव्हण्याला सांगितलं, त्यानं कटकच्या साडूला. आमच्यात अशीच बातमी जाते. आकडा रोज वाढत होता. पारावर ज्या लोकांनी जन्मभर फक्त सोन्याचा भाव सांगितला, ते आता या नाण्यांचे भाव सांगू लागले. बँकेत विचारपूस करून पैसे ठेवणारी आमची माणसं इथं काही न विचारता ठेवू लागली, कारण पोरगं गलाईवाल्याचं होतं. त्यांच्या मनात ते ॲप नव्हतंच. ते संग्रामचं दुकान होतं.

बेंगळुरूला काचेचं ऑफिस झालं. मी बघून आलो होतो. खालून वर बघताना टोपी पडायची. शालननं काट्यावर बसून साठवलेलं सगळं मीच तिच्या नावानं त्यात ठेवलं होतं.

आणि त्या दिवशी संध्याकाळी गावच्या मंगल कार्यालयात गलाईवाल्यांचा मेळावा होता. कोरोनानंतरची पहिली यात्रा, देशभरातून माणसं आलेली. संग्राम तिथं नवीन योजना सांगणार होता, वर्षभर हलवायचं नाही आणि जास्त परतावा घ्यायचा. त्याच्याआधी मी उठून दोन शब्द बोलायचे, असं ठरलं होतं. माझा शब्द आमच्या लोकांत चालायचा. तो मी त्याला देणार होतो.

“मावशी, टाकलं बघ,” संग्राम फोनवर बोट आपटून म्हणाला. “काढायला टाकलं. दोन दिवसांत बँकेत येतील.”

“दोन दिवस कशाला?”

“प्रोसेस असते.”

“ठेवताना किती दिवस लागले हुते?”

त्याच्याआधी मीच म्हणालो, “लगेच झालं होतं. चहा निवायच्या आत.”

“मग काढताना पण चहा करते,” शालन म्हणाली. “बस तू.”

ती खरंच चहा करायला उठली. संग्राम माझ्याकडं सरकला. “नाना, तिला समजवा ना. संध्याकाळी एवढा मेळावा आहे, आणि ही काय लावून बसलीय?”

“दे की टाकून. एकटीचं ते किती?” मी म्हणालो.

तो उठून अंगणात गेला. लिंबाखाली येरझाऱ्या घालत फोनवर बोलू लागला. मध्येच इंग्रजी, मध्येच कानडी. कार्तिक असणार. पहिल्यांदा आवाज मोठा होता. मग हळू झाला. मग नुसता ऐकतच राहिला आणि चपलेनं माती उकरत राहिला. मी भट्टीपुढं आयुष्य काढलंय. पोरगं घाबरलंय हे मला पाठीवरून कळलं.

तो आत आला तेव्हा चहा तयार होता. तोंडावर हसू आणलेलं.

“झालं मावशी. आत्ता देतो तुझे. आज सकाळी नवीन लोकांचे जमा झालेत, त्यातून फिरवतो.”

“कुणाचे?”

“कुणाचे म्हणजे?”

“जमा झालेत ते. कुणी ठेवले?”

“मावशी, असं नाव नसतं गं. सगळं एका ठिकाणी असतं. त्यातून द्यायचं, त्यातच घ्यायचं.”

“तुझ्या फोनात नावं दिसत्यात. मला दाखवलं हुतंस तू. बघ.”

तो बघायला तयार नव्हता. ती पदराला हात पुसत उभीच राहिली. शेवटी त्यानं पाहिलं.

“शंकरतात्यांची सून. अश्विनी वहिनी. आणि पाच-सहा जण.”

शंकरतात्या मोहिते आमच्यातले सगळ्यांत जुने. दिल्लीला दुकान. त्यांचा मुलगा कोरोनात गेला. सुनेनं विम्याचे आलेले पैसे ठेवले असणार, दुसरं तिच्याकडं काय होतं?

“मग ते अश्विनीचे,” शालन म्हणाली. “माझे कुठं हायेत?”

“तेच सांगतोय. तुझे, तिचे, असं काही नसतं. नाना, तुम्ही तरी समजावून सांगा. सोन्यात फरक असतो. कुणाचं अठराचं, कुणाचं बावीसचं. म्हणून आपण मूस वेगळी ठेवतो. इथं प्रत्येक नाणं दुसऱ्या नाण्यासारखं आहे, तंतोतंत. मग वेगळं ठेवून करायचं काय?”

खरं सांगायचं तर मला ते पटलं. पोरगं शिकलेलं, बरोबर बोलत होतं.

शालन खाली बसली. “सारखं असू दे की. माणसं सारखी हायेत का? अश्विनीचं तुझ्याकडं असताना मला दिलंस, तर उद्या तिला कुणाचं देणार? नेल्लोरच्या बबनचं? मग बबनला?”

“तोपर्यंत नवीन येतात मावशी.”

“आणि आज संध्याकाळी नाना उठून बोलले की लई येतील. व्हय का न्हाई?”

आता मात्र माझ्या डोक्यात उजेड पडला. मी चहाची कपबशी खाली ठेवली.

“संग्राम,” मी म्हणालो, “लोकांचा माल कुठं आहे?”

त्यानं फोन खिशात घातला.

“दुकानात आहे का?”

“नाही नाना.”

मग एकेक करून बाहेर आलं. सिंगापूरच्या कुठल्यातरी कंपनीला कार्तिकनं लोकांची नाणी व्याजानं दिली होती. पहिल्यांदा थोडी, मग बरीच. ती कंपनी पुढं दुसऱ्यांना देत होती. व्याज चांगलं येत होतं म्हणून संग्रामनंही मान हलवली. आता बाजार पडू लागला होता. परत मागितलं की ती कंपनी आज-उद्या करत होती. कार्तिक म्हणत होता, तीन महिने कसेतरी ढकलू, नवीन लोक आणू, बाजार वर गेला की सगळं फिटतं.

मी उठलो. हात कसा वर गेला ते मला कळलं नाही.

“हात खाली घ्या,” शालन म्हणाली. “जेवलेलं ताट हाय त्याच्या पुढ्यात.”

“जेवलेलं ताट? अगं, ह्यानं गावाचा—”

“खाली घ्या म्हणते न्हवं.”

मी घेतला. संग्राम रडायला लागला होता. सेलमला नापास झाला होता तेव्हा रडला होता, तसाच, नाकानं.

“मी चोरी नाही केली मावशी. एक पैसा माझ्या खिशात नाही.”

“ते मला ठाऊक हाय. खिशात घातले असतेस तर आत्ता माझे तोंडावर फेकले असतेस.”

“मी संध्याकाळी बोलणार नाही,” मी म्हणालो. “मेळाव्याला जाणारच नाही.”

“तुमी नका बोलू. तो बोलंल.”

संग्रामनं मान वर केली. “काय बोलू?”

“आत्ता सांगितलंस ते.”

“मावशी, तुला कळतंय का? हे सांगितलं तर सगळे एकदम काढायला येतील. एकदम आले तर कुणालाच मिळायचं नाही. पहिल्या दहा जणांना मिळेल, बाकीचे बुडाले. गप्प बसलो तर निदान वाचायची आशा आहे.”

हे पण खरंच होतं. मी शालनकडं पाहिलं. तिला आता काय उत्तर सुचतंय, असं मला झालं.

ती पोटावर हात धरून बसली होती. मला वाटलं, जेवण जड झालं असेल.

“आधी नवीन घ्यायचं बंद कर,” ती म्हणाली. “दुकानाला कुलूप. अश्विनीचे आज आलेत, ते तिचे तिला पाठव, ते अजून कुठं गेले न्हाईत. तेवढं तुझ्या हातात हाय का?”

“आहे.”

“मग लोकांना सांग. आणि हे पण सांग, की एकदम मागितलं तर सगळी मरताल. आमच्या लोकांना आग कळती रं. भट्टी भडकली तर पळत सुटायचं नसतं, हे त्यांना तू सांगायला नको.”

“मारतील मला.”

“मारतील एखादेवेळी. मी शेजारी उभी राहते.”

त्यानं फोन हातात घेतला. मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो. कॉइनपेठमध्ये पैसे भरायचं बंद झालं. अश्विनीचे आणि त्या पाच-सहा जणांचे परत गेले. मिनिटभरात कार्तिकचा फोन आला, मग परत, मग परत. संग्रामनं फोन पालथा करून ठेवला. तो तसाच पालथा थरथरत चटईवरून सरकत राहिला.

“लई दिवसांनी झोप आल्यासारखं वाटतंय,” तो म्हणाला.

“झोप नंतर. तोंड धू.”

मंगल कार्यालय भरलं होतं. ऊन अजून उतरलं नव्हतं, पंखे गरम वारं टाकत होते. यात्रेचे गुलालाचे कपडे अंगावर घेऊनच माणसं बसली होती. माझं नाव पुकारलं. मी उठलो नाही. संग्राम उठला, आणि त्याच्याबरोबर शालन उठली. बायकांच्या बाजूनं कुजबुज झाली. मेळाव्यात स्टेजवर बाई, तेही भाच्याला धरून!

संग्रामनं सगळं सांगितलं. माईक दोनदा खरखरला तेवढंच. मला वाटलं होतं तो फिरवून बोलेल. तो सरळ बोलला. शेवटी म्हणाला, “तुम्ही माल विश्वासानं दिला होता. मी तो दुकानात वस्तीला ठेवला आणि वरून दुसऱ्याला दिला.”

आधी कुणाला समजलंच नाही. मग समजलं.

बबन नेल्लोरवाला पहिला उठला. “वैशाखात पोरीचं लग्न हाय माझ्या! काय, तुझ्या बेंगळुरूच्या काचेत वरात काढू का?”

“काच तरी ह्याच्या बापाची हाय का?” मागून कुणीतरी.

“धरा त्याला! आत्ताच्या आत्ता काढायला लावा!”

एक चप्पल आली. ती शालनच्या पायाशी पडली. तिनं ती उचलून स्टेजच्या कडेला नीट ठेवली आणि माईक ओढला. माईकवर ती जन्मात बोलली नव्हती, त्यामुळं फारच जोरात बोलली.

“ज्याची असंल त्यानं घिऊन जावा. अनवाणी जाऊ नका, ऊन हाय.”

कुणीतरी हसलं. त्या हसण्यानं जरा वेळ मिळाला. तेवढ्यात शंकरतात्या काठी टेकत उठले आणि कार्यालय गप्प झालं.

“पोरा, त्या कंपनीचा करार हाय तुझ्याकडं?”

“आहे तात्या.”

“माल परत मागितलास?”

“आजपासून मागतोय. आजपर्यंत नुसतं विचारत होतो.”

“बरं.” तात्या लोकांकडं वळले. “आज सगळ्यांनी ओढलं तर पुढं बसलेल्याला मिळंल आणि मागं बसलेला मरंल. मी पुढंच बसलोय, म्हणून बोलतो. येईल तसं सगळ्यांच्या मुशीत सारखं ओतायचं. आपल्यातले नसतील त्यांच्या पण. आणि आपली दोन माणसं उद्यापासून ह्याच्या हापिसात बसतील.”

“आणि ह्याच्या घरच्यांनी आधीच काढून घेतलं असलं तर?” बबन म्हणाला. तो शालनकडं बघत होता. “मावशीचं किती हाय आत? का आज दुपारीच मोकळं केलं?”

मला राग आला, पण प्रश्न रास्त होता. माझी बायको माईकपासून लांब झाली आणि नुसत्या आवाजात म्हणाली,

“माझं सगळं आत हाय. सगळ्यांबरोबर येईल ते घेईन.”

बबन खाली बसला. तो बसला म्हणून बाकीचे बसले.

पुढचं थोडक्यात सांगतो. धोतर-टोपीतली आमची दोन माणसं बेंगळुरूच्या त्या ऑफिसात जाऊन बसली. पहिला दिवस लिफ्टमधून खालीवर करण्यातच गेला त्यांचा. मग कार्तिकच्या समोर खुर्च्या टाकून बसली, त्याच्याशी बोलली नाहीत, नुसती बसली. संग्राम सिंगापूरला जाऊन आला, वकील केला, हातापाया पडला. माल तुकड्यातुकड्यांनी परत आला. सगळा नाही, पण बराचसा. येईल तसा सगळ्यांना सारखा दिला. शेवटचा तुकडा आला आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी ती सिंगापूरची कंपनी बुडाली. पेपरात आलं. ज्यांनी तीन महिने ढकलू म्हटलं होतं अशा दुसऱ्या काही ॲपांचे लोक अजून कोर्टात फिरताहेत. कॉइनपेठ बंद झालं. संग्राम आता बेंगळुरूलाच नोकरी करतो आणि आमच्या लोकांत ताठ मानेनं येतो. बबनच्या मुलीचं लग्न वैशाखाऐवजी मार्गशीर्षात झालं, आणि वाढपी म्हणून संग्राम होता.

पण हे नंतरचं. मला सांगायचंय ते यात्रा उठल्यावरचं.

पाळणे निघून गेले, माणसं आपापल्या गाड्यांना लागली, आणि शालन म्हणाली, “मला मिरजेला न्या.”

“कशाला?”

“सांगितलं हुतं की.”

मला आठवेना. मिरजेच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिला बघितलं आणि नावानं हाक मारली. “शालनताई, किती उशीर केलात! मी महिन्यापूर्वी सांगितलं होतं. यात्रा झाली का तुमची?”

मी दारातच उभा राहिलो.

ती एकटी येऊन गेली होती. मला म्हणाली होती, विट्याला साडीच्या फॉलला जाते. गाठ होती. वाईट होती. लगेच काढायला हवी होती आणि त्याला पैसे लागणार होते, किती ते तिनं डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. तिची सगळी बचत घातली असती तर तेवढे होत होते.

बाहेर लाकडी बाकावर आम्ही बसलो. शेजारी कुणाचंतरी बाळ रडत होतं.

“तू खरं बोलत होतीस त्या दिवशी.”

“मी तुमच्याशी खोटं कधी बोलले?”

“साडीचा फॉल?”

“ते एक सोडून.”

“शालन, तो देत होता. तुझ्या हातावर ठेवत होता पैसे. घेतले का नाहीस?”

“अश्विनीचे हुते ते.”

“निदान मला तरी परत सांगायचं होतंस. मी चेष्टा समजलो. एकदा बजावून सांगायचं, की बाबा, खरंच गाठ आहे.”

ती माझ्याकडं बघत होती. जेवताना बघितलं होतं तेवढाच वेळ.

“एकदा सांगितलं. तुमी चेष्टा समजलात. मग मनात आलं, बरं झालं.”

“बरं कसं?”

“तुमाला खरं वाटलं असतं तर तुमी ते पैसे घेतले असते.”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण समोर ती होती, तिच्यापुढं कसं म्हणणार? अश्विनीचे काय, मी देवाच्या पेटीतले घेतले असते.

“घेतले असते,” मी म्हणालो.

“मग?”

मग काय? मला त्याच्यावर आजतागायत काही सुचलेलं नाही.

आतून नर्सनं तिचं नाव पुकारलं. ती उठली, पदर खोचला. “बसून ऱ्हाऊ नका,” ती म्हणाली. “पैशाचं काय करताय ते बघा जावा.”

मी सेलमच्या भागीदाराला तिथूनच फोन लावला. दुकानातला माझा हिस्सा काढला. घाई आहे हे त्याला आवाजावरून कळलं आणि त्यानं भाव पाडला. मी कबूल केलं. ऑपरेशन झालं. मग औषधं, मग केस गेले, मग परत आले, पहिल्यापेक्षा कुरळे. त्याचं तिला फार नवल. त्यानंतर आम्ही दोघं गावातच राहिलो. तिनं परसात वांगी लावली, बायकांशी भांडणं केली, रुसवे काढले, मला मोबाईलवर तमिळ सिनेमे लावायला लावले आणि त्यातलं मला न कळलेलं समजावून सांगितलं. तीन वर्षं. गेल्या चैत्रात ती गेली.

माझा भागीदार यात्रेला येतो तेव्हा अजून लोकांना सांगतो, नानांचा हिस्सा मला मातीमोल मिळाला, नाना व्यवहारात कच्चे. लोक माझ्याकडं बघतात. मी मान हलवतो. त्याला दुकान मिळालं. मला शालनची तीन वर्षं मिळाली. त्याला वाटतं त्यानं मला फसवलं, तर वाटू दे बिचाऱ्याला.